कान मालकाच्याच हातात

बयाबाईच्या देव्हाऱ्यात सात टाक होते. पाच चांदीचे. खंडोबा, बिरोबा, तुकाई, एक सासऱ्याच्या नावाचा आणि एक नवऱ्याच्या, मल्हारीच्या नावाचा. उरलेले दोन कशाचे ते घरात बाकी कुणाला माहीत नव्हतं. बोटाच्या दोन पेरांएवढे लांबट, कडा गोल, एका टोकाला भोक आणि अंगावर बारीक उठावाच्या ओळी. चांदी काळी पडायची. हे दोन कधी काळे पडले नाहीत की हिरवे. सून रुपाली लग्न होऊन आली तेव्हापासून चिंच लावून ते घासत होती. सासूबाईंच्या माहेरचे देव असतील असं तिनं धरून चाललं होतं. एकदा विचारलं, तर बयाबाई म्हणाली, "देव न्हाईत ते. माझ्या बानं संबाळायला दिल्यात. मालक आला की द्यायच्यात."

"कोण मालक?"

"आला की कळंल."

मालक काही आला नाही. रुपालीनं पुन्हा विचारलं नाही. सासूचं असं बरंच होतं, जे विचारून फायदा नसायचा.

वडगाव रासाईत भीमेच्या अंगाला त्यांचं तीन एकराचं रान. बयाबाईनं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालून काढलेलं. पुढं नदीला बंधारा झाला, पाणी अडलं, ऊस आला आणि मेंढरं गेली. मल्हारीनं शेवटचा कळप विकला त्या दिवशी ती रडली नाही. पण त्यानंतर दररोज दिवस कलला की काठी घेऊन उसाला एक फेरी मारून यायची. वाघरीच्या जाळीत मेंढरं कोंडल्यावर मेंढकी जशी सगळ्या बाजूंनी बघून येते, तशी. मुलगा बिरदेव म्हणायचा, "आये, ऊस पळून चाललाय व्हय?"

त्या उसाच्या कोपऱ्यात, नदीकडच्या बांधाला, एक कमरेएवढा धोंडा उभा होता. ना कोरलेला, ना शेंदूर लावलेला. वर्षातून एकदा बयाबाई त्याच्यावर भंडारा टाकायची. बिरदेवनं एकदा ट्रॅक्टरवाल्याला तो उपटायला सांगितला, कारण नांगर वळवायला अडचण व्हायची. ट्रॅक्टर कोपऱ्यात आला, तर म्हातारी धोंड्याला पाठ लावून बसलेली. पदरात भुईमुगाच्या शेंगा. एकेक फोडून खात होती. ट्रॅक्टरवाला हसला, बिरदेव चिडला, आणि धोंडा राहिला.

हे सगळं असंच चाललं असतं. दोन हजार दोन साली, घट बसायच्या आदल्या दिवशी, चांगदेव हवालदार दारात आला.

चांगदेव तळेगाव ढमढेऱ्याचा. सतरा वर्षं लष्करात काढून हवालदार म्हणून रिटायर झाला आणि रांजणगावच्या एका फॅक्टरीच्या गेटवर लागला. बिरदेवही त्याच गेटवर. चांगदेवची सासुरवाडी वडगावातच. मुक्कामाला आला की सकाळी बिरदेवला गाडीवर घेऊन ड्यूटीला जायचा. त्या दिवशी बयाबाई ओट्यावर परात घेऊन टाक घासत बसली होती.

"काय मावशी, देवांची आंघोळ?"

"बसा हवालदार. देवांची उरकली, आमच्या बिरदेवाची उरकंना."

चांगदेव बसला. परातीत बघता बघता त्यानं खिशातून चष्मा काढला. पुढं वाकला, पण हात मागंच ठेवला. "मावशी, हात लावू का?"

"लावा की. हात लावल्यानं देव बाटायचं दिस गेलं. आन् ते दोन देव न्हाईतच मुळात."

"मी देव मानत बी न्हाई, मावशी. पर ह्ये वळखतो." त्यानं एक टाक उचलून उन्हाला धरला आणि खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली. किल्लीला एक गोल चकती लटकत होती, तिच्यावरही अशीच ठोकलेली अक्षरं. "ही माझी. लष्करात परत्येकाच्या गळ्यात असती. तुमची ही विलायती दिसती. थांबा." ओठ हलवत त्यानं वाचलं. "हॅरल्ड लिंडक्विस्ट. मग नंबर. त्याच्या खाली मिसेस एल्सा लिंडक्विस्ट. खाली घराचा नंबर, गल्ली, गाव. अमेरिकेतलं हाय ह्ये."

"ती बाई कोण?"

"आई असंल न्हाईतर बायको. माणूस मेला तर कुणाला कळवायचं, तिचं नाव."

बयाबाईचा चिंचेचा हात परातीतच राहिला. "म्हंजी मालकाचं नाव त्यावर व्हतंच?"

"व्हतंच की. साठ वर्सं झाली तरी जसंच्या तसं."

"आन् दोन का असत्यात?"

"माणूस पडला की एक काढून हापिसात पाठवायची, दुसरी मड्यासंगंच ऱ्हाती. म्हंजी पुरला तरी पुरलेला कोण ते कळतं."

"दोन्ही काढल्या तर?"

चांगदेव हसला. "दोन्ही कोण काढंल? काढल्या तर मेलेला बेनावच की. त्याच्या थडग्यावर काय लिवणार? कुणीतरी व्हता, एवढंच." मग त्याचं लक्ष परातीकडं गेलं. दोन्ही चकत्या तिथंच होत्या. तो हसायचा थांबला. "मावशी, या तुमच्याकडं कशा?"

बयाबाई दोन्ही टाक अंगठ्यानं पुसत राहिली. बिरदेव शर्टाची बटणं लावत बाहेर आला, गाडी निघून गेली, तरी ती तशीच बसून होती. रुपालीनं येऊन परात उचलली, तेव्हा म्हणाली, "माझ्या बानं त्याचं नाव कापलं गं."

बयाबाईचा बाप दगडोबा. त्याच्या वाड्यात, म्हणजे फिरत्या तळात, शंभरेक मेंढरं, त्यातली निम्मी गावोगावच्या लोकांची, राखणीला दिलेली. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि उन्हाळा सरता सरता भीमेच्या काठाला परत यायचं. आठ महिने दुसऱ्याची जित्राबं आपल्या हातात. वाटेत एखादं मेलं तर मालकाला काय सांगणार? मेलं म्हणून सांगितलं आणि विकून खाल्लं असं तो म्हणाला तर?

त्यासाठी दगडोबाच्या वाड्याची एक रीत होती. प्रत्येक मालकाची मेंढराच्या कानावर आपली खूण असायची. कुणाची टोकाला चीर, कुणाची कडेला खाच. मेंढरू पडलं की त्याचा कान कापून घ्यायचा, वाळवून ठेवायचा. परत आल्यावर तो मालकाच्या हातात द्यायचा आणि सगळं सांगायचं. कुठं पडलं, कशानं पडलं, मरताना पाणी पिलं का. मालकानं कान उलटसुलट बघायचा, आपली खूण ओळखायची आणि म्हणायचं, "सुटलास." तो शब्द ऐकला की मेंढक्या सुटला.

कान दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही. पाटलाच्या नाही, मालकाच्या भावाच्याही नाही. दगडोबाच्या चुलत्यानं एकदा तसा मधल्याच्या हाती दिला. मधला म्हणाला, मला दिलाच नाही. चुलता मरेपर्यंत चार गावांत चोर म्हणून फिरला.

साल चव्वेचाळीस. बयाबाई अकरा वर्षांची असेल. वाडा वडगावच्या नदीकाठी उतरलेला. भर दुपारी एक विमान पेटत आलं आणि डोहाच्या तोंडाशी आदळलं. तिथं कुणाला जवळ जाता येईना. पण त्याआधीच एक माणूस वरून सुटला होता. त्याची छत्री नीट उघडली नव्हती. तो नदीकडच्या बाभळीत पडला. दगडोबा आणि बया त्याच्यापाशी गेले. थोड्या वेळानं तो मेला.

दगडोबानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. अंगावर खूण शोधली. गळ्यात दोन पत्रे सापडले, त्यावर चिरा-खाचांसारखं काहीतरी. त्यानं लोकर कातरायची कातर काढली, दोरी कापली आणि पत्रे मुंडाशात खोचले. लेकीला म्हणाला, "ह्येचा मालक येईल. त्याला द्याया पायजे."

तिसऱ्या दिवशी गोरे सोजीर आले, संगं एक देशी जमादार. तोवर छत्रीचं रेशमी कापड गावातल्या कुणीतरी नेलेलं. जमादारानं वाड्याची उलथापालथ केली आणि दगडोबाला चाबकानं फोडलं. दगडोबानं कापडाला हातही लावला नव्हता. मार खाता खाता त्यानं एकच विचारलं, "सायब, ह्या माणसाचा मालक कोन?"

"सरकार मालक," जमादार म्हणाला. "का? तुला काय करायचंय?"

दगडोबानं मुंडाशाला हात लावला नाही. सरकार म्हणजे मधला माणूस, एवढं त्याला कळत होतं. सोजिरांनी मढं उचलून नेलं. त्या जागी दगडोबानं एक धोंडा उभा केला, म्हणजे मालक आला तर जागा चुकू नये.

मालक येईल तो याच जागेवर येईल, म्हणून पुढं त्यानं लेक दिली तीही वडगावातच, तो धोंडा ज्यांच्या रानात होता त्यांच्या घरात. दोन चांगली स्थळं त्यासाठी मोडली. एक तर दौंडकडचं, बागायतवालं. बयाबाई कधी कधी म्हणायची, "मला नवऱ्याला न्हाई दिली, धोंड्याला दिली." मल्हारी तेव्हा हसायचा. "धोंड्यापरीस मी काय निराळा हाय?" म्हणायचा. मरताना दगडोबानं पत्रे तिच्या हातात ठेवले होते. सुटलास हा शब्द न ऐकताच तो गेला.

आणि आता चांगदेव सांगत होता की त्या कापलेल्या दोरीपायी तो माणूस बेनाव पुरला असेल. बाप इमानानं वागला आणि त्या इमानानंच माणसाचं नाव गेलं.

पुढच्या खेपेला चांगदेव आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मावशी, दरसाल एक जानेवारीला आमी कोरेगावच्या खांबाकडं जातो. दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं हायेत. आमची पोरं बोट ठिवून एकेक नाव वाचत्यात. नाव कोरलेलं असलं का माणूस दोनशे वर्सांनी बी घावतो. ह्याचं बी नाव कुठंतरी लागाया पायजे. लिवून बघू आपण."

बिरदेवची पोरगी पूनम शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. चांगदेवनं कुठं लिहायचं ते सांगितलं, पूनमनं आज्जीला शेजारी बसवून स्टँडामागच्या सायबर कॅफेतून ई-मेल धाडला. पत्र्यांवरचा मजकूर अक्षर न अक्षर उतरवला. "आज्जी, गेला," ती म्हणाली. "कुठं गेला?" "अमेरिकेला." "इतक्यात? आन् मग आमी साठ वर्सं काय करत व्हतो?"

उत्तर यायला वर्ष गेलं. त्या वर्षात बयाबाई दर शनिवारी पूनमला तेच विचारायची. पूनमही न कंटाळता एकच उत्तर द्यायची. मग एका जानेवारीत, ऊस नुकताच तुटून गेलेला, धोंडा रानात उघडा पडलेला, तेव्हा एक पांढरी गाडी वडगावात शिरली.

गाडीतून उंच, पँट घातलेली, चाळिशीची बाई उतरली. डॉक्टर वॉल्श. लढाईत हरवलेल्या अमेरिकन माणसांची हाडं शोधून त्यांची नावं लावायचं तिचं काम. पूनमनं घरच्यांना समजेल असं सांगितलं, "हाडांची डॉक्टर हाय." ती बातमी गल्लीत पसरली आणि शेजारचा रखमाजी धोतर गुडघ्यावर घेऊन हजर झाला. "बाईला म्हणावं, पायऱ्या चढाया गेलं की हितं कटकट वाजतंय." पूनम लाजली. डॉक्टरनं विचारलं तसं तिला सांगावंच लागलं. डॉक्टर खदखदून हसली, आणि खरंच वाकून तिनं रखमाजीचा गुडघा दाबून बघितला. "ती म्हणतीय, तिच्याकडचे पेशंट तक्रार करत न्हाईत," पूनमनं सांगितलं. त्यानंतर गल्लीला बाई आवडली.

ओट्यावर घोंगडी टाकली. चांगदेव इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. डॉक्टर सावकाश बोलायची, पूनम मराठीत सांगायची.

विमानात पाच जण होते. तीन जळाले, पण गळ्यातल्या पत्र्यांमुळं ओळखू आले. उरले दोन. सोजिरांना मढं सापडलं एकच, बाभळीतलं, आणि त्याच्या गळ्यात काही नव्हतं. दुसरा डोहात गेला, तो सापडलाच नाही. तेव्हा बाभळीतला कोण आणि डोहातला कोण, ते कुणाला ठरवता येईना. लढाई संपल्यावर मढी त्यांच्या देशातल्या एका बेटावर नेली. तिथं लष्कराची मोठी दफनभूमी आहे. बाभळीतला तिथं आहे, दगडावर नाव नाही. त्याच दफनभूमीत एक भिंत आहे, हरवलेल्यांच्या नावांची. तिच्यावर ही दोन्ही नावं आहेत. कुणी सापडला की त्याच्या नावाशेजारी पितळेचं एक बारकं फूल बसवतात.

"आन् ती बाई? एल्साबाई?" बयाबाईनं विचारलं.

आई जाऊन चाळीस वर्षं झाली. बहीण आहे, रूथ. एक्याऐंशीची. त्यांच्या गावात म्हाताऱ्या सैनिकांनी जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत म्युझियम केलंय. गावातले जे जे लढाईत गेले त्यांच्या वस्तू तिथं काचेत ठेवल्यात. हॅरल्डचा फोटो आहे, शाळेतली टोपी आहे. खाली चिठ्ठी, 'भारतात हरवला.' रूथ दर रविवारी तिथं जाते आणि काच पुसते.

मग डॉक्टरनं कागद काढला. पत्रे तिच्या ताब्यात द्यायचे. त्यांच्या आधारावर थडगं उघडायची परवानगी मिळेल. काम झालं की पत्रे बहिणीला.

बयाबाईनं पूनमला विचारलं, "बहीण का आली न्हाई?"

"तिला चालवत न्हाई, आज्जी. विमानात बसवत न्हाई."

"मग मी न्हाई द्यायची," बयाबाई म्हणाली. "कान मालकाच्याच हातात."

बिरदेव उसळला. "आये, येडी का खुळी तू? एवढ्या लांबनं बाई आली! दिऊन टाक. उगं पोलीस-बिलीस आलं म्हंजी?"

"पोलीस येऊन गेल्यात एकदा. माझ्या बानं दिल्या न्हाईत."

"तुझ्या बानं न्हाई दिल्या म्हणून तर हा घोळ झालाय!"

बयाबाई उठली आणि शेळीला पाला टाकायला गेली. शेळीपुढं पाला होताच. ती तिथंच वाकून उभी राहिली. बिरदेवचं बोलणं खोटं नव्हतं, हेच तिला सलत होतं. दिले, तर बाप आयुष्यभर ज्याच्यासाठी मार खाऊन गप राहिला ती रीत तिच्या हातून मोडणार. नाही दिले, तर एक्याऐंशी वर्षांची बाई काच पुसता पुसता जाणार आणि मग मालकच उरणार नाही.

चांगदेव तिच्या मागं आला. लांबच उभा राहिला.

"मावशी, एक सांगू? मी लष्करात मधलाच माणूस व्हतो. दोनदा पेटी घिऊन गेलो पडलेल्या पोरांच्या घरी. एकदा जालन्याकडं, एकदा पार कोकणात. आतल्या वस्तू त्या माउलीच्या हातात ठिवल्या. घड्याळ, पाकीट, सगळं. वाटेत झोपलो न्हाई मी, कुठं हरवलं तर म्हणून. मधला माणूस समदाच चोर नसतो."

"माझ्या बाला तसला भेटला न्हाई."

"न्हाई भेटला. तुमाला भेटलाय का, बघा."

बयाबाई परत आली आणि घोंगडीवर डॉक्टरच्या समोर बसली. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "देते. पर नुसता कान देत न्हाईत. कान देताना समदं सांगाया लागतं. ह्या बाईनं ते ऐकावं आन् जसंच्या तसं बहिणीला सांगावं. मधलं एक अक्षर खायचं न्हाई."

डॉक्टरनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि मध्ये ठेवला. बयाबाईनं तो निरखला. "ह्ये बरंय. ह्येला खाता येत न्हाई."

तिनं पदर सारखा केला आणि मोठ्यानं, गावच्या पंचांपुढं बोलावं तसं सांगायला लागली.

"कुठं पडला, तर त्या धोंड्यापाशी. डोकं वर, उगवतीला. पाय खाली, नदीकडं. कशानं पडला, तर छत्री फाटली व्हती. आमी गेलो तवा जित्ता व्हता." बिरदेवनं मान वर केली. हे त्यानंही कधी ऐकलं नव्हतं. "व्हय, जित्ता. आमी तवा कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर म्हणले असते, डाक्तर का न्हाई आणला? डाक्तर शिरूरला. बैलगाडीनं दिवस लागायचा. तो चिलीम ओढून व्हईस्तवर बी टिकला न्हाई. बानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी मी पाजलं, माझ्या वंजळीनं. दोन घोट गेलं. तिसरं वठावरनं परत आलं. काय तरी बोलला, आमाला कळलं न्हाई. आमची एक लेकुरवाळी मेंढी हुंगत हुंगत आली. त्यानं तिच्या लोकरीत हात रोवला, घट्ट. मेला तरी सुटंना. मेंढी वरडाया लागली. बानं कातरीनं तेवढी लोकर कातरून मेंढी सोडवली. लोकर त्याच्या मुठीत तशीच ऱ्हाऊ दिली. म्हणला, आसू दे, वाटंला व्हईल."

पूनम सांगत होती. लोकरीपाशी आली तशी डॉक्टरनं हात वर करून तिला थांबवलं. फाईल उघडून जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदाची छायाप्रत काढली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि पूनमला वाचायला दिली.

पूनमनं वाचलं. मग आज्जीकडं बघून सांगितलं, "त्या टायमाला सोजिरांनी लिहून ठिवलंय. बिननावाच्या माणसाच्या उजव्या मुठीत मेंढराची लोकर व्हती. कुठनं आली, कुणालाच कळलं न्हाई."

"आली कुठनं म्हंजी?" बयाबाई म्हणाली. "मेंढीची."

डॉक्टर हसली, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

बयाबाईनं दोन्ही पत्रे तिच्या ओंजळीत ठेवले. डॉक्टरनं पूनमकडून शिकून "धन्यवाद" म्हटलं, तर बयाबाईनं मान हलवली. "तू न्हाई काय म्हणायचं. म्हणायचं ते मालकिणीनं." आणि ते काय, तेही सांगितलं. कागदावर अंगठा उठवला. गाडी गेली.

त्यानंतर वर्ष गेलं, वर दोन महिने. देव्हाऱ्यात पाचच टाक. घासताना रुपालीचा हात अजून दोन जास्तीचे शोधायचा. पहिले सहा महिने बयाबाई गप होती. मग म्हणायला लागली, "बाचं खरं व्हतं. मधल्याच्या हाती देऊ नये." चांगदेव आला की त्याच्याशी तुटक बोलायची. चांगदेव ऐकून घ्यायचा. "हाडाचं काम हाय, मावशी. दमानं व्हतं." "आन् बहीण मेली म्हंजी?"

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. पूनम घरी होती. तिनं ते घोंगडीवर पसरलं.

एका फोटोत गवतात बसवलेला सपाट दगड, त्यावर कोरलेलं नाव. आत, माणसासोबत, एक पत्रा पुन्हा ठेवलाय, असं डॉक्टरनं लिहिलं होतं. दुसऱ्या फोटोत काचेचं कपाट. टोपी, फोटो आणि दुसरा पत्रा. खालची चिठ्ठी बदललेली. पूनमनं वाचली, "वडगाव रासाई इथं मृत्यू. ही खूण मेंढपाळ दगडोबा आणि त्याची मुलगी बयाबाई यांनी साठ वर्षं सांभाळली."

"बाचं नाव हाय?"

"हे बघ, हितं. आन् हे तुझं."

बयाबाईनं बोट ठेवलं. तिला त्या विलायती अक्षरांतलं एकही येत नव्हतं, मराठीतलंही येत नव्हतं. तरी बोट बराच वेळ तिथं राहिलं.

तिसरा फोटो भिंतीचा. नावंच नावं. एका नावाशेजारी पितळेचं बारकं फूल. बयाबाईनं तो डोळ्यांजवळ धरला. "आन् डोहातला?"

पूनमला शोधावं लागलं. दोन ओळी वर होतं ते नाव. शेजारी काही नव्हतं.

पाकिटात तळाला आणखी एक घडी होती. आत जाड पेन्सिलीनं काढलेली मोठी मोठी अक्षरं. एकाच शब्दासाठी अख्खा कागद. पूनमनं आधी तो उलटा धरला, मग सुलटा. अक्षरं लिहिल्यासारखी नव्हती, चित्र काढावं तशी काढलेली होती. उकार-काना थरथरलेले, शेवटचा 'स' तर आडवा झालेला. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, की रूथनं टेप तीनदा ऐकली, मग तो शब्द कसा लिहितात ते विचारून घेतलं. मराठी वाचता येत नाही तिला. चार दिवस बघून बघून काढला. कुणाला मदत करू दिली नाही.

"काय हाय?" बयाबाईनं विचारलं.

पूनमनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "सुटलास," ती म्हणाली.

बयाबाईनं कागद हातात घेतला. "वर कुठली बाजू?" पूनमनं दाखवली. त्या बाजूनं तो तिनं कपाळाला लावला आणि कागद घेऊन रानाकडं निघाली. खोडव्याचा ऊस गुडघ्याला आलेला. धोंड्यापाशी उभी राहून तिनं कागद त्याच्यासमोर धरला, आणि बांधावरच्या बिरदेवला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "बा, पोचलं. सुटलास."

बिरदेव मोटार बंद करून जवळ आला. आई रडत असेल असं त्याला वाटलं होतं. ती नदीकडं बघत होती, डोहाच्या बाजूला.

"बिरदेवा, उद्या ट्रॅक्टर हाय का?"

"हाय. का?"

"नदीतनं आजून एक धोंडा आणाया पायजे. ह्याच्याएवढाच."

बिरदेवनं कपाळाला हात लावला. "आये, एकानंच नांगर अडतोय. आता ह्यो दुसरा कुणाचा?"

"ज्याचं फूल ऱ्हायलंय त्याचा. त्याचा बी मालक असंलच की कुठंतरी. आला तर जागा कुठली म्हणून दावायची?"

दुसऱ्या दिवशी बिरदेवनं धोंडा आणला. उतरवताना शिव्या दिल्या, पण खड्डा त्यानंच खणला, आणि आई सांगेल तसा, तोंड डोहाकडं करून, उभा केला.